दहा रविवारांचं कुटुंब

"अहो, हातमोजे घाला आधी!" मॅडम तिसऱ्यांदा ओरडल्या. "शंभर वर्षांची वस्तू आहे ती!"

"माझे हातही सत्तर वर्षांचे आहेत. त्यांची कुणाला काळजी नाही," आजी म्हणाल्या आणि टेबलावरचं लाकडी अंडं त्यांनी उघड्या हातानेच उचललं. "पायमोज्याला भोक पडलं की हे आत घालायचं आणि वरून रफू करायचं."

"खुळखुळा आहे तो," बाप म्हणाला.

"मग वाजत का नाही?" पोरगी म्हणाली.

"आतले खडे पडले असतील."

"तुझ्या डोक्यातले पडलेत," आजी म्हणाल्या.

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि वहीत लिहिलं : रविवार नववा, भांडण दुसरं.

एवढं अवाढव्य संग्रहालय, कोठारात चाळीस हजार वस्तू, आणि मॅडमच्या वाट्याला आलं होतं हे त्रिकूट. दर रविवारी कोठारातली एक वस्तू चिठ्ठीशिवाय टेबलावर ठेवायची, ती कशाची ते घरच्यांनी मिळून ओळखायचं, आणि त्यांचं बोलणं मॅडमनी टिपून घ्यायचं. घरातलं शहाणपण आजीकडून नातीकडे कसं उतरतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. खाण तशी माती, हे त्यांना कागदावर सिद्ध करायचं होतं. माणसांनी मोकळं बोलावं म्हणून नाव-पत्ता विचारायचा नाही, हा नियमही त्यांचाच.

संचालकांनी स्पष्ट सांगितलं होतं. तीन पिढ्यांचं एक तरी कुटुंब सलग दहा रविवार टिकलं पाहिजे. नाहीतर या दालनात कोठारातली खोकी येतील आणि मॅडमची नोकरी जाईल.

सुरुवातीला काळं कुत्रं फिरकलं नव्हतं. एक जोडपं आलं, तेही स्वच्छतागृह शोधत. शेवटी मॅडम फाटकावर गेल्या आणि सगळा राग वॉचमनवर काढला. "दिवसभर माणसांची रीघ लागते इथे. त्यातलं एक कुटुंब वर पाठवता येत नाही तुम्हाला? नुसते सलाम काय ठोकता!"

वॉचमन गरीब माणूस. "बघतो, मॅडम," एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारी हे तिघं जिना चढून आले, तेव्हा मॅडमना रडूच फुटायचं बाकी होतं.

रडायची वेळ नंतर आली. आजी अर्धा तास आधी येऊन बसायच्या, बाप अर्धा तास उशिरा यायचा. पोरगी त्याला कधी 'बाबा' म्हणायची नाही, नुसतं 'ओ, ऐका ना'. आजकालच्या पोरांना वळण म्हणून नाही! उंदराच्या पिंजऱ्यावरून तिघांनी पाऊण तास वाद घातला. कोळशाच्या इस्त्रीवरून तर दोन रविवार. मॅडमच्या नाकी नऊ आले, पण वही भरत होती.

"आणि दाढी कर," लाकडी अंडं खाली ठेवून आजी आता बापाकडे वळल्या. "असा अवतार करून येतात का चार लोकांत?"

"आजी, तू दर रविवारी माझ्या मागे का लागतेस?"

"तुला विचारणारं दुसरं आहे कोण?"

बापाचा चेहरा एकदम उतरला. त्याने हातमोजे काढून टेबलावर टाकले. "पुढच्या रविवारी मी येणार नाही."

"मग मीपण नाही," पोरगी म्हणाली.

"अहो, एकच रविवार राहिलाय हो!" मॅडम जिन्यापर्यंत मागे धावल्या. तो वळूनसुद्धा बघेना.

आठवडाभर मॅडमना अन्न गोड लागलं नाही. दहाव्या रविवारी अकराला संचालक स्वतः येणार होते. आजी नेहमीसारख्या आधीच येऊन बसल्या. पोरगी फुगलेल्या गालांनी का होईना, आली. बापाचा पत्ता नाही. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले.

"कसा हो हा माणूस!" मॅडम कळवळून म्हणाल्या. "तुम्ही तरी चार शब्द सांगायचे!"

"सांगितले म्हणून तर गेला," आजी म्हणाल्या. त्यांची नजर दारावरून हलत नव्हती. "येईल. यायलाच पाहिजे."

अकराला पाच मिनिटं कमी असताना तो धापा टाकत आला. दाढी केलेली, हनुवटीला कापलेलं, काखेत एक उशी.

"या स्टुलावर कंबर धरते म्हणत होतीस ना? घे."

आजींनी उशी उलटीसुलटी करून पाहिली. "रंग काय घाण आहे," म्हणाल्या आणि तिच्यावर बसल्या. डोळे मात्र पदराने पुसले. पोरगी फिसकन हसली.

मग त्या दिवशी टेबलावर ठेवलेल्या टोप्यांच्या लाकडी साच्यावरून तिघांची अशी काही जुंपली की संचालक तासभर जागचे हलले नाहीत. जाताना त्यांनी अहवाल तिथेच वाचला. त्यातलं शेवटचं वाक्य मॅडमनी रात्री जागून लिहिलं होतं : 'असं भांडण रक्ताच्या नात्यातच होतं, परकी माणसं इतका जीव लावून भांडत नाहीत.'

"वा!" संचालक म्हणाले. "हेच वाक्य आणि या तिघांचा फोटो आपल्या वार्षिक अंकाच्या पहिल्या पानावर. दालन तुमचं, मॅडम."

मॅडमनी फोटो काढला. आनंदाच्या भरात संचालकांना दारापर्यंत पोचवून परत येतात तर तिघं निघून गेलेले. आता अंक पाठवायचा कुठे? त्या धावतच फाटकावर गेल्या.

"अहो, आपलं कुटुंब गेलं का? तुम्हीच पाठवलं होतंत ना वर? त्यांचा पत्ता द्या मला."

वॉचमन उठून उभा राहिला. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"पोरगी माझी आहे, मॅडम. दहा रविवार यायला कुठलंच कुटुंब कबूल होईना. त्या दोघांचं नावगाव मलाही ठाऊक नाही. त्या रविवारी फाटकाशी एकेकटे असे तेवढेच दोघं उभे होते."