नवा सायलेन्सर

चढाच्या अर्ध्यावर मोटारसायकलने पुन्हा मान टाकली. आवाज मात्र असा की गल्लीतली कुत्री अजून भुंकत होती. भिंगरीने हेल्मेट काढलं, गाडी वळवली आणि ढकलत खाली गॅरेजमध्ये आणली.

"कशी गेली?" बाबांनी खुर्चीवरूनच विचारलं.

"गेली कुठे, बसली. नुसता बडेजाव आहे, बाबा. जुना सायलेन्सर होता तेव्हा हाच चढ हसत चढायची."

नवा सायलेन्सर तिने मोठ्या हौसेने बसवला होता. रविवारी टेकडीवरची शर्यत होती. पहिला येईल त्याला एका मोटारसायकल कंपनीच्या टीममध्ये जागा मिळणार होती आणि भिंगरीला ती जागा हवी होती. शाळेत असल्यापासून तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

सगळा बाजार बाबांना उस्ताद म्हणायचा. पण हल्ली उस्ताद खुर्ची सोडायला तयार नसत. कंबर धरते म्हणायचे. गिऱ्हाइकांच्या गाड्याही भिंगरीच उघडायची आणि ते बसल्या जागेवरून हुकूम सोडायचे. त्यात शिस्तीचा कहर. एखादा पाना जागच्या जागी ठेवला नाही, तर घर डोक्यावर घ्यायचे.

"तुम्ही एकदा बघा ना," ती म्हणाली.

"मी बघून तू काय शिकणार? रविवारी मी मागे बसणार आहे का? बोल, काय होतंय?"

भिंगरीने राग गिळला. "थ्रॉटल उघडला की आधी गुदमरते. सोडला की मागून फटाके फुटतात. नव्या सायलेन्सरने हवा वाढली, पेट्रोल कमी पडतंय. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मोठा घालते. सगळे तेच सांगतात."

"सगळ्यांना रविवारी गाडी पळवायची आहे का? जेट पेट्रोल सोडेल, फटाक्यांचं काय? चालू कर गाडी."

तिने गाडी चालू केली. उस्ताद टेबलाच्या कडेला हात लावत आले, उकिडवे बसले आणि सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जोडलेला असतो तिथून जरा लांब हात फिरवू लागले. हात एका जागी थांबला.

"इथे फुंकर लागतेय. गॅस्केट जुनंच घातलंस?"

घाईघाईत तिने तीच चपटी झालेली रिंग पुन्हा बसवली होती.

"पुसून घातलं होतं," ती हळूच म्हणाली.

"वा. पाहुण्यालाही उष्टं ताट पुसूनच वाढत जा."

नवं गॅस्केट बसलं आणि फटाके बंद झाले. गुदमरणं मात्र चालूच होतं. उस्तादांनी तिला गाडी पळवून आणायला लावली आणि स्पार्क प्लग काढायला सांगितला.

"रंग?"

"हा काय, बघा की." तिने प्लग त्यांच्यापुढे धरला.

"मी तुला विचारलं."

"पांढरा. खडूसारखा," ती वैतागून म्हणाली.

"म्हणजे पेट्रोल कमीच पडतंय. आता घाल जेट. आता तुझे सगळे बरोबर."

भिंगरीने डबीतला सगळ्यांत मोठा जेट उचलून बसवला. गाडी चढावर गेली आणि म्हशीसारखी रेंगाळली. परत आल्यावर तिने न विचारता प्लग काढला.

"काळा झाला."

"ओला की कोरडा?"

"कोरडा. काजळी धरलीय."

"हावरटपणा. भुकेल्याला जेवायला घालायचं, कोंबायचं नसतं. मधला घाल."

तिला हसू आलं. मधला जेट घालून ती निघाली. या वेळी गाडीने कुठेही न अडखळता चढ असा घेतला की तिला वर पोहोचल्याचं वर पोहोचल्यावर कळलं. खाली आली तेव्हा उस्ताद दारात उभे होते.

"चौथ्यातच नेलीस. मधे गिअर पाडला नाहीस," ती काही बोलायच्या आत ते म्हणाले. "प्लग?"

"बिस्किटाच्या रंगाचा."

"मग आता बिघडवू नकोस."

उस्तादांच्या तोंडून एवढं कौतुक कुणी ऐकलं नव्हतं. भिंगरी रात्री त्या आनंदातच झोपली.

रविवारी सकाळी तिने विचारून बघितलं. "चला ना, बाबा."

"गर्दीत माझं काय काम? दुकान कोण सांभाळणार? जिंक आणि मला येऊन सांग."

आईही त्यांच्यासोबत थांबली. भिंगरी जरा खट्टू झाली, पण टेकडीच्या पायथ्याशी इंजिन चालू झालं आणि सगळं विसरली.

शर्यतीत तिच्या पुढे फार वेळ कुणी टिकलं नाही. पहिल्या वळणावर तिने दोघांना मागे टाकलं. शेवटचा उभा चढ आला, बाकीच्यांनी गिअर पाडले. तिने नुसता थ्रॉटल पिळला आणि गाडीने मागितलं तेवढं दिलं. वर पोहोचून तिने मागे वळून बघितलं तर रस्ता रिकामा होता. कंपनीच्या माणसाने हातात चषक दिला, पाठ थोपटली आणि सोमवारी यायला सांगितलं. भिंगरी सगळ्यांसमोर रडली आणि तिला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

परत येताना तिला खोडी सुचली. गॅरेजच्या अलीकडच्या वळणावर तिने इंजिन बंद केलं आणि गाडी उतारावरून तशीच सोडली. शेजारच्या दुकानात लेथची घरघर चालू होती, त्यात तिची चाहूल कुणाला लागली नाही.

उस्ताद दारात उभे होते, रस्त्याकडे तोंड करून. भिंगरी दबक्या पावलांनी गेली, अगदी त्यांच्या समोर उभी राहिली आणि चषक दोन्ही हातांनी त्यांच्या नाकापुढे धरला. तिला हसू आवरत नव्हतं.

उस्तादांनी रस्त्याच्या दिशेने कान दिला. मग त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? पोरगी अजून कशी आली नाही?"