पांढरे दगड

काबूलच्या गवयांच्या गल्लीत सुरुंग काढणाऱ्यांनी धोक्याच्या लाल दगडांना पांढरा रंग दिला होता, म्हणजे जमीन साफ झाली. गल्लीतल्या म्हाताऱ्या उस्तादाने जमीन ताब्यात घेतल्याच्या कागदावर अंगठा उठवला की लोक घरं बांधायला परतणार होते.

“मागच्या खेपेलाही असंच म्हणाले होते,” तो म्हणाला. “माझी बायको पाणी आणायला गेली ती आलीच नाही. आधी तुमचं माणूस चालू दे.”

सुरुंग काढणाऱ्या पथकाचा प्रमुख हातातल्या कागदाकडेच बघत राहिला. पथकातच असलेली त्याची बायको हेल्मेट काढून पुढे आली. “बाबा, जमीन मीच तपासलीय,” म्हणत तिने दगड ओलांडला.

“थांब, पोरी!” काठी टाकून उस्ताद धावला आणि तिला मागे सारून स्वतः पुढे झाला. गल्लीच्या मधोमध तो धापा टाकत उभा राहिला. काहीच फुटलं नाही.

“तुझ्या त्या मुक्या नवऱ्याला सांग,” तो म्हणाला, “कागद इथेच घेऊन ये म्हणावं.”