चढताना बोलायचं न्हाई

"हलकी मोसंबी घ्यायची न्हाई, ताई." भालचंद्रनं थोरल्या बहिणीच्या हातातलं फळ काढून परत ढिगावर ठेवलं. "हाताला जड लागली, साल पातळ असली, की रस बराबर निघतो. आणि पहिल्याच गाड्यावर कधी थांबायचं न्हाई. आधी सगळा बाजार फिरायचा, मंग थैली उघडायची."

प्रेमला नुसती हसली. काल ती नांदेडहून आली होती आणि आज संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होती. बोलावल्याशिवाय कधी न येणारी बहीण आपण होऊन आली, म्हणून भालचंद्र हरखून गेला होता. सकाळी जालन्याच्या बाजारात खाण्याची खरेदी, मग अंबडची टेकडी, वर देवीचं दर्शन आणि झाडाखाली बसून जेवण, असा सगळा बेत त्यानं रात्रीच पक्का केला होता. पाहुण्यांना फिरवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"भाला, तुझ्याशी जरा बोलायचं होतं," पेरूच्या गाड्यापाशी ती म्हणाली.

"बोलू की, अख्खा दिवस पडलाय. आधी दशम्या घेऊ. त्या मावशींकडच्या जल्दी संपतात."

दशम्या झाल्या, ठेचा झाला, शेंगदाण्याची चटणी झाली. अंबडला पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी त्यानं तिचा रुमाल भिजवून तिच्या डोक्यावर घातला, थैल्या स्वतःच्या खांद्यांना अडकवल्या. थोड्या पायऱ्या चढल्यावर प्रेमला कठड्याला धरून थांबली.

"आमचा निखिल परदेशी चाललाय," ती लेकाचं सांगू लागली. "नांदेडचं घर आता..."

"चढताना बोलायचं न्हाई, ताई. दम जातो. नाकानं श्वास घे, आणि पाणी एकदम प्यायचं न्हाई, घोट घोट घे."

तिनं एक घोट पाणी घेतलं आणि पुढची पायरी चढली. 

दर्शन घेऊन दोघं सावलीत बसली. भालचंद्र मोसंबी सोलून तिच्या हातावर ठेवत होता आणि बोट करून कुठला रस्ता कुठं जातो ते सांगत होता. ती त्याच्या बोटाकडं न बघता त्याच्या तोंडाकडंच बघत होती.

"इकडचा वारा चांगला आहे रे," ती म्हणाली. "इथं राहायला आवडेल मला."

"कुणालाही आवडेल. चल, गाडी गाठायचीय. उतरताना गुडघे जरासे वाकवून ठेव. खरा त्रास उतरणीलाच होतो."

जालन्याला परतल्यावर स्टेशनवर त्यानं तिला खिडकीजवळची जागा मिळवून दिली. गाडी हलल्यावर तो समाधानानं घरी आला.

"काय ठरलं मंग?" दारातच बायकोनं, मधुवंतीनं विचारलं.

"कशाचं?"

ती त्याच्याकडं बघतच राहिली. "अहो, निखिल घर विकून राह्यलाय. ताईंची सोय तो वृद्धाश्रमात करतोय. आपल्याकडं राहायला येऊ का, हे विचारायला आल्त्या त्या. मी म्हटलं, बिलकुल या. तर म्हणाल्या, आधी भालाला विचारते, त्याच्या तोंडून हो येऊ दे."

भालचंद्रनं चपलाही काढल्या नाहीत. तिथंच उभं राहून त्यानं फोन लावला.

"ताई, तू इथंच ये. आमच्याकडं राहा."

पलीकडं गाडीची धडधड ऐकू येत होती.

"आत्ताच निखिलचा फोन येऊन गेला," ती म्हणाली. "आश्रमाला हो म्हणून टाकलं मी."

"मंग दिवसभर का न्हाई बोललीस, ताई?"

"तू किती खूश होतास रे आज," प्रेमला म्हणाली. "तुझा दिवस मोडावासा वाटला न्हाई."