एका रकान्यात मावणारा शब्द

पुण्यातल्या एका इंग्रजी दैनिकात शुभंकर एकोणीस वर्षे बातम्यांना मथळे देत आला होता. शब्दांच्या अर्थापेक्षा त्यांची रुंदी त्याला अधिक ठाऊक होती. 'अरेस्ट'ला सहा इंग्रजी अक्षरे लागतात, म्हणून तो 'नॅब' वापरी. अर्थ तोच, पकडणे. अक्षरे मात्र तीनच. एका रकान्यात निमूट बसणारा शब्द.

आज दुपारी हिंमतरावांनी त्याच्यासमोर एक जुने कात्रण आणि न्यायालयाचा निकाल शेजारी शेजारी ठेवले. कात्रण तीन वर्षांपूर्वीचे होते आणि मथळा शुभंकरचाच. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी 'नॅब' केलेला तो तरुण हिंमतरावांचा मुलगा होता.

"निर्दोष सुटला हो. पण हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला, की आधी तुमची बातमी वाचतात आणि मग त्याला परत पाठवतात. आता सुटका छापा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत."

शुभंकरने सवयीने, थकल्या डोळ्यांनी मोजले. "काका, 'निर्दोष सुटला'ला इंग्रजीत 'अक्विटेड', त्यालाच नऊ अक्षरं जातात. त्यात मुलाचं पूर्ण नाव. एका रकान्यात नाही मावणार."

"तेव्हा मावलं होतं."

"तेव्हाचा शब्द लहान होता."

हिंमतरावांनी निकालाची घडी घातली आणि ती सावकाश खिशात ठेवली.

"मग नाव गाळा. आडनाव तेवढं ठेवा. त्या दिवशी पोलिसांनीही तेवढंच विचारलं होतं."