कपाचा पोचा

तिसरा केकही परत आला. बायकोने चमच्याचं टोक जिभेला लावलं आणि ताटली बाजूला सारली. "छान झालाय हो. पण माझा नाही."

चार दिवस तिच्या पोटात पाण्यापलीकडे काही नीट गेलं नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने आपणहून मागितलेली ही एकच गोष्ट, तिच्या वहीतला केक. आणि जन्मभर लेथवर केसाइतकाही फरक पडू न देणाऱ्या त्या माणसाला तो जमत नव्हता.

तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागला. वहीत लिहिलेलं होतं: तीन कप मैदा, दीड कप साखर, एक कप दूध, तीन अंडी. कप म्हणजे किती? तिच्या मैद्याच्या डब्यातला ॲल्युमिनियमचा कप त्याने पाण्याने भरून काट्यावर ठेवला होता, मग मैद्याने, मग साखरेने. सगळ्याचे ग्रॅम काढून कागद भिंतीवर डकवला होता. काटा नवा, ओव्हन तोच, आकडे तीनदा ताडून पाहिलेले. मग घोडं पेंड कुठे खात होतं?

"बाबा, बसा ना जरा. तुम्हाला बघून मलाच गरगरायला लागलंय," भांडी विसळणारी लेक म्हणाली. मग तिने तोच कप उजेडात धरला. "याला केवढा पोचा होता ना? कुठे गेला?"

"ठोकून काढला मी, मागच्या आठवड्यात. म्हटलं, घरी येईल तेव्हा बघून खूश होईल."

बोलता बोलता तो थांबला. पोचा गेला आणि कप मोठा झाला. दर कपाला मैदा जास्त, साखर जास्त, अंडी मात्र मोजून तीनच. त्याला स्वतःच्या हातांचा राग आला.

हातोडी लगेच सापडली. पण पोचा नेमका कुठे होता, किती खोल? हजारो पोचे काढले होते त्याने, पाडायची वेळ कधी आली नव्हती. तो तसाच कप घेऊन तिच्या खाटेशी गेला.

"अगं, याचा तो पोचा..." त्याने कप तिच्या हाताला टेकवला.

तिने डोळे न उघडताच कप हातात घेतला. अंगठा पत्र्यावरून फिरला, अडखळला, पुन्हा फिरला आणि कडेखाली एका जागी टेकला. "इथे. अख्खा अंगठा बसायचा माझा."

त्याने कानावरची पेन्सिल काढून अंगठ्याभोवती रेघ ओढली. केवढासा राहिला होता तो अंगठा.

"हळूच मारतो," तो म्हणाला.

"हळू कशाला?" तिने डोळे उघडले. "त्या दिवशी भिंतीवर भिरकावलात, तेव्हा काय हळू भिरकावला होतात?"