सत्तेचाळिसाव्या पानावरची ओळ

एकाहत्तर साली पारनेरच्या शेतकी प्रदर्शनात बन्सी मेस्त्रीच्या शेंगा फोडायच्या मशीनला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षिसात एक पुस्तक होतं. रेडिओचा कारखाना काढून जगात नाव केलेल्या एका अमेरिकन माणसाचं चरित्र. बन्सी ते बायकोला, राहीबाईला, रोज वाचून दाखवायचा. सत्तेचाळिसाव्या पानावर तो चिडलाच.

"बघ, खरी युक्ती ह्याच्या मित्राची हुती. आन् ह्यानं जगाला सांगितलं, माझी. मित्राला पुस्तकात निस्ती एक वळ!"

"मंग मित्र काय म्हनला?"

"ते लिव्हलं न्हाई."

"काई म्हनला नसंल," राहीबाई म्हणाली.

बन्सीने पुस्तक मिटलं. मशीनमध्ये शेंगांबरोबर दाणेही फुटायचे, तेव्हा लोखंडी पट्ट्यांना रबर ठोका, असं हिनेच सुचवलं होतं. प्रदर्शनात साहेबांनी विचारलं, "रबराची युक्ती कुणाची?" तेव्हा ही शेजारीच उभी होती. आणि तो म्हणाला होता, "माझीच."

पुस्तक फळीवर ठेवत त्याने विचारलं, "उद्या बाजारातनं तुला काय आनू गं?"

"चपला आना, टायरच्या. आधीच्या तुमच्या मशिनीत हायत."