सागाची पाचर

पंच्याहत्तरच्या पुरात ऑर्केस्ट्राची गाडी वाहून गेली. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा अंगुरीबाईंचा मुलगा शिखर सापडला नाही, एक इलेक्ट्रिक गिटार सापडली. ती घेऊन त्या कारंजा गावात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या रंगरावांकडे आल्या. "पाहा भाऊ, जुन्या धर्तीच्या नव्या गिटारी निघून राह्यल्या म्हणे. हे तशीच दुसऱ्याची असन." शिखरची गिटार जुनी होती; ही त्याची नसली, तर तो त्या गाडीत नव्हताच, असं त्यांनी धरलं होतं. रंगरावांनी कड खरवडली. नव्या गिटारीत प्लायवूड असतं. इथं अख्खं लाकूड होतं. "जुनीच हाय, बाई. पण अशा लय हायेत." स्क्रू काढून त्यांनी दांडी उचलली. खाली सागाची पातळ पाचर होती, त्यांनीच शिखरसाठी बसवलेली. "हे माह्या हातची हाय." "बरं," अंगुरीबाई म्हणाल्या. स्क्रू परत बसवताना रंगरावांच्या हातातून एक निसटला. अंगुरीबाईंनी तो बाकाखाली शोधला, पदरानं पुसला आणि त्यांच्या हातावर ठेवला.